दामूकाकांचं मध्यंतर

फुटबॉलच्या मॅचमध्ये गोल झाला की बघणारी माणसं उड्या मारतात. आमचे शेजारी दामूकाका तामोरे त्या वेळी तंबाखू मळत असतात. "काका, गोल झाला," असं सांगितलं तर "आपला का त्यांचा?" एवढं विचारतात आणि उत्तर यायच्या आत चुन्याची डबी शोधायला लागतात. पण मध्यंतराची शिट्टी वाजली, खेळणाऱ्या मुली आत गेल्या आणि मैदान मोकळं झालं, की काका खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढतात, चष्मा बनियनला पुसतात आणि त्या रिकाम्या मैदानाकडे श्वास रोखून बघत बसतात. मधेच उठतात, दारामागे टांगलेला लाल-पांढरा बावटा काढतात आणि टीव्हीसमोर उभं राहून तीनदा हलवतात. पुन्हा शिट्टी झाली की बावटा दारामागे, खुर्ची भिंतीला आणि काका तंबाखूला.

ही मॅच असते हॉलंडमधल्या एका लहानशा गावातल्या बायकांच्या फुटबॉल क्लबाची. क्लबाचं नाव उच्चारायचं तर घशात माशाचा काटा अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो, म्हणून आमच्या इमारतीत सगळे त्याला 'आपला क्लब' म्हणतात. चौथ्या मजल्यावरच्या मिश्राजींनी एकदा विचारलं होतं, "तामोरेजी, ये कौन सा मुल्क खेल रहा है?" काकांनी मान न वळवता सांगितलं, "अपना क्लब." मिश्राजींचं समाधान झालं. तेही आता रविवारी विचारतात की आपला क्लब जिंकला का.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि बोईसरला राहतो. काका इथून जवळच्याच, किनाऱ्यावरच्या नवापूरचे. सगळं आयुष्य समुद्रात गेलं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बोट पुतण्याच्या हातात देऊन, दवाखाना जवळ हवा म्हणून ते जनाकाकूंना आणि मुलीला घेऊन आमच्या मजल्यावर राहायला आले. आल्या आल्या त्यांनी गच्चीवर बोंबील वाळत घातले. सोसायटीची मीटिंग बसली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर काका म्हणाले, "तुमी गच्चीवर पापड घालता. मी कदी काय बोल्लो?" मीटिंग तिथेच उठली. तेव्हापासून वारा कुठून आहे ते बघून काका सांगतात की आज पापडांचा दिवस की बोंबलांचा, आणि अख्खी इमारत ते मुकाट्याने ऐकते.

काकांचं एकच दुःख जाहीर होतं. बोटीचा जुना बावटा त्यांनी नवापूरहून जपून आणला होता. वर लाल, खाली पांढरा, आणि कोपऱ्यात निळं ठिगळ. मुलीच्या शाळेच्या जुन्या स्कर्टचं कापड लावून जनाकाकूंनी ते शिवलं होतं. हा बावटा राहायला आल्या वर्षीच घरातून नाहीसा झाला. काकांचा सगळ्यांवर आळ घेऊन झाला. मिश्राजींनी स्कूटर पुसायला नेला असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या घरी येऊन त्यांनी आमचं फरशी पुसायचं फडकंसुद्धा उलटंपालटं करून बघितलं. शेवटी काकूंनी तसाच नवा बावटा शिवून दिला, तो आता दारामागे असतो. "पण ठिगळाशिवाय बावटा म्हणजे बिनमिशांचा जमादार," असं काका म्हणतात.

मला वाटायचं, काका हलवतात तो क्लबाचा झेंडा असेल, कारण क्लबाचे सदरेही लाल-पांढरे आहेत. एकदा विचारलं तर काका चिडले.

"क्लबाचा कसला? बोटीचा हाय. तू घाटावरचा, तुला काय सांगायचं."

आणि लगेच सांगायला बसले. प्रत्येक घरच्या बोटीचा बावटा वेगळा. लांबून बोट दिसत नाही, आधी बावटा दिसतो. काकांच्या घरची रीत अशी की किनाऱ्यावर जो उभा असेल त्याने तसाच बावटा तीनदा हलवायचा. म्हणजे 'दिसलात, या.' आणि बोटीवर बावटा उलटा बांधलेला दिसला, तर बोटीवर काहीतरी झालं आहे. मग ज्याला दिसला त्याने हातातलं काम टाकून निघायचं.

"भांडण असलं तरी?" मी विचारलं.

"भांडण किनाऱ्यावर. उलटा बावटा दिसला की भांडण सोडून निगायचं. माजा चुलतभाव माज्याशी बोलत नव्हता. त्याचा बावटा उलटा दिसला, मी गेलो. त्याला दोरी टाकली, वडत आणला. मग किनाऱ्यावर परत भांडलो."

"ते ठीक आहे काका, पण हा बावटा टीव्हीला का दाखवता?"

काकांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "कापडाला हवा लागाया पायजे. नायतर कसर धरते." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

मॅचमध्ये लक्ष नसलं तरी क्लबाचा इतिहास काकांना तोंडपाठ आहे. क्लबाच्या वेबसाइटवरची जुनी माहिती मोबाइलवर मराठीत करून मीच त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायचो. मशीनचं मराठी ते, मलाच धड कळत नसे. काका मात्र ऐकून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी तोच इतिहास स्वतःच्या भाषेत उभा करायचे आणि दाराशी येईल त्याला ऐकवायचे. गॅसवाला आता सिलिंडर उंबऱ्यावर ठेवून पळतो.

"पयल्या बाया दुदाच्या कारखान्यातल्या," काका सुरुवात करतात. "पाळी सुटली का चेंडू घेऊन निगायच्या. पण मैदान कोण देतो? पुरुषांचा क्लब बोल्ला, बायकांनी खेळायचं नाय, गवत खराब व्हतं." इथे ते थांबतात आणि समोरच्याकडे बघतात. "पुरुष खेळले तर नाय व्हत. बाया खेळल्या का व्हतं. असं गवत."

मग गावाबाहेर समुद्राच्या बांधामागे एका म्हातारीने आपलं कुरण दिलं. आधी गायी हाकलायच्या, मग शेण उचलायचं, मग खेळायचं. पाहुण्या टीमलाही शेण उचलावं लागे, जी उचलणार नाही तिच्याशी मॅच नाही. हा भाग काकांच्या खास आवडीचा आहे. गावापेक्षा समुद्र उंच आहे आणि मधे बांध घालून ती माणसं निवांत दूध पितात, याचंही त्यांना भारी कौतुक. नवापूरला भरतीचं पाणी कुठवर यायचं ते त्यांनी पाहिलेलं आहे.

"मग आला ट्रॉलर." काकांच्या भाषेत ट्रॉलर म्हणजे जवळच्या शहरातला मोठा, पैसेवाला क्लब. त्याने या बायकांना आपल्यात घेतलं. बूट दिले, बस दिली, मैदानावर दिवे दिले, आणि लाल-पांढरे सदरे काढून निळे घालायला लावले. काही वर्षं बरी गेली. मग एका हंगामाच्या शेवटी मोठ्या क्लबाने सांगितलं की बायकांची टीम परवडत नाही. "दोरी कापली," काका म्हणतात. "भर समुद्रात." बायका आपले चेंडू घेऊन त्याच जुन्या कुरणावर परत आल्या. तिथे कळलं की त्यांच्या पहिल्या गोलकीपर बाईंनी जुने सदरे फेकलेच नव्हते, ट्रंकेत ठेवले होते. रफू करून तेच घातले आणि क्लब पुन्हा सुरू झाला.

"सदरे ठेवले म्हणून क्लब ऱ्हायला," काका सांगतात, आणि इथे नेहमी चुन्याची डबी शोधायला लागतात. गॅसवाल्याला पळायची संधी इथेच मिळते.

खेळाडूंची नावं काकांना झेपत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं करून टाकलं आहे. उंच बचावपटू ती ताडाबाय. गोलकीपर जानकी. डोक्यावर मासळीची परात असल्यासारखी, हात न हलवता धावते ती परातवाली. आता मलाही त्यांची खरी नावं आठवत नाहीत. दुसऱ्या टीमच्या मुलीने परातवालीला पाडलं की जनाकाकू स्वयंपाकघरातून विचारतात, "लागलं का गं पोरीला?"

आता काकांच्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण काका तिच्याबद्दल कधीच सांगत नाहीत. मनीषा एकुलती एक. नर्स झाली, पालघरच्या एका दवाखान्यात लागली, आणि हे लोक इथे राहायला आले त्याच वर्षी तिने हॉलंडला वृद्धाश्रमातली नोकरी पत्करली. काकांनी आधी नाही म्हटलं, मग ओरडून नाही म्हटलं. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मी जिन्यात होतो. काका दारात उभे राहून म्हणाले, "गेलीस तर मी तुज्याशी बोलणार नाय." तीही त्यांचीच मुलगी. म्हणाली, "बरं. नका बोलू." आणि गेली.

तेव्हापासून काका तिच्याशी बोललेले नाहीत. ती काकूंना रोज फोन करते. काकू स्वयंपाकघरात बोलतात आणि काका बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतात. मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, बोला ना आता. किती दिवस?"

"शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तिला. न बोलायचा. तो मागं घेतला तर तिला वाटेल, बाप म्हातारा झाला."

आता मी हे सगळं एकापुढे एक लिहितोय म्हणून तुम्हाला ते लगेच उमगलं असेल. मला उमगायला फार वेळ लागला. क्लबाच्या मॅच इंटरनेटवर दिसतात, त्या मोबाइलवरून टीव्हीवर जोडून द्यायचं काम माझं. क्लब गरीब, त्यामुळे कॅमेरा एकच. खांबावर बांधलेला, मान न हलवणारा. समोर मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे लाकडी टपरी. मध्यंतरात तिथे चहा-कॉफी मिळते. एका रविवारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर काकू कानाला मोबाइल लावून दाराच्या फटीतून बाहेरच्या टीव्हीकडे बघत होत्या.

"सर गं जरा उजवीकडं. डांब आड येतो. सरकलीस? अजून नाय दिसत. टीव्हीवर उशिरा येतंय. थांब. हां, दिसलीस. आता तितंच ऱ्हा."

टीव्हीवर टपरीतून एक बाई बाहेर आली. अंगावर जाड कोट, हातात किटली. चेहरा दिसावा एवढं काही ते चित्र स्वच्छ नव्हतं, पण मान जरा तिरकी करून उभं राहायची लकब मी जिन्यात पाहिलेली होती. बाहेर काका खुर्चीतून उठले, दारामागचा बावटा काढला आणि तीनदा हलवला.

काकूंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मनीषा रविवारी तिथे चहा द्यायला जायची, फुकट, माणसांत राहायला मिळतं म्हणून. काकूंच्या बोलण्यातून क्लबाचं नाव काकांच्या कानावर पडलं होतं आणि तेवढ्या धाग्यावर त्यांनी एवढा इतिहास पाठ केला होता. काकांना वाटत होतं, हे कोणालाच माहीत नाही. मनीषाला तर नाहीच नाही. बोलणार नाही असा शब्द दिला होता. बघणार नाही असा दिला नव्हता.

मला हसूही आलं आणि त्या माणसाबद्दल फार माया वाटली. पुढच्या रविवारी मी मॅच जोडून दिली आणि मध्यंतरात मुद्दाम काकांच्या आणि टीव्हीच्या मधून गेलो नाही.

असं सुखाने चाललं असतं. पण यंदा हंगाम संपता संपता क्लबाच्या वेबसाइटवर बातमी आली. कुरणावर घरं होणार होती. क्लब शेजारच्या गावातल्या क्लबात मिसळणार होता, नवं मैदान, नवी टीम. म्हातारीच्या कुरणावरची आता एकच मॅच राहिली होती. मी वाचून दाखवलं. काकांनी दोन-तीनदा विचारलं, "मिसळणार म्हंजे? सदरे?"

"सदरे लाल-पांढरेच ठेवणार आहेत."

"आणि टपरी?"

"टपरीचं काही लिहिलेलं नाही, काका."

तो आठवडा आमच्या इमारतीने कसातरी काढला. वारा नसताना काकांनी पापड घालू दिले नाहीत आणि वारा असताना बोंबील घातले नाहीत. मिश्राजींवर बावटाचोरीचा आळ नव्याने घेतला. एका संध्याकाळी मला म्हणाले, "नव्या मैदानावर क्यामेरा असंल का रे?" मी म्हटलं, असेलही. "टपरीकडं तोंड करून असंल का?"  काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मनीषा नव्या मैदानावर जाणार नाही, तिला लांब पडतं. हे मी काकांना सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नंतर काही विचारलं नाही.

रविवार आला. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. पूर्वार्धात आपल्या क्लबाने गोल खाल्ला. ताडाबायला चकवून कोणीतरी मारला. काकांची तंबाखू डबीतच राहिली. शिट्टी झाली, काकांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. काकू आज आत गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

टपरीतून मनीषा बाहेर आली. हातात किटली नव्हती. तिने बगलेतून काहीतरी कापड काढलं, टपरीच्या खांबाला, काकूंच्या त्या डांबाला, बांधलं आणि बाजूला झाली. वाऱ्याने ते पसरलं. लाल आणि पांढरं, आणि कोपऱ्यात निळं काहीतरी.

"काका, तुमचा बावटा," मी म्हणालो. मिश्राजी निर्दोष सुटले याचाच मला आधी आनंद झाला.

काकांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते खुर्चीतून उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले. 

"पांढरा वर हाय," ते म्हणाले. "उलटा हाय बावटा. जना, फोन दे."

"कोणाला लावू?" काकूंनी विचारलं.

"मनीला. दुसरं कोण हाय तितं? काय तरी झालंय पोरीला. दे लवकर."

काकूंनी नंबर लावून फोन दिला. टीव्हीवर मनीषा अजून डांबाशी उभी होती, हात कोटाच्या खिशात, आणि इकडे फोनमधून तिचा आवाज आलासुद्धा. "बाबा?"

"काय झालं? बरं नाय का? कोण काय बोल्लं का? कामावरून काढलं का?" ती गेली त्या दिवसापासूनचं सगळं न बोललेलं काकांनी एका दमात विचारून टाकलं.

ती काहीतरी म्हणाली.

"काय नाय? मग बावटा उलटा कशाला?"

पलीकडून बराच वेळ बोलणं येत होतं. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. काका फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होते आणि मान हलवत होते, जणू तिला ते दिसतंय. टीव्हीवर आता कुठे तिने खिशातून फोन काढून कानाला लावला होता. काका हळूहळू मागे सरकत खुर्चीत बसले. चष्मा काढला. तो पुसायला बनियन सापडेना, कारण वर धुतलेला सदरा होता. मग तसेच ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "थंडी हाय का तितं? डोकं उगडं ठेवून उबी हायस. बांद कायतरी." आणि जरा थांबून, "आदी तो बावटा सरळ कर. लोक काय बोलतील."

उत्तरार्ध सुरू झाला. मनीषाने एका हाताने बावटा सोडला आणि सरळ करून बांधला. काकांनी फोन खांद्यात धरून दारामागचा बावटा काढला आणि तीनदा हलवला. मैदानावर परातवालीने बहुतेक गोल केला, कारण मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आमच्यापैकी कोणीही तिकडे पाहत नव्हतं.

मी काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. त्या चहा ठेवत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

"बरं झालं तिने चुकून उलटा बांधला," मी म्हणालो. "बोटीवर कधी गेली नसेल ती, तिला काय माहीत."

काकूंनी साखरेचा डबा खाली ठेवला. "चुकून? हे समुद्रात असले का किनाऱ्यावर बावटा घेऊन कोण उबं ऱ्हायचं? मनीच. ती एवढीशी व्हती तवापासून ह्यांनी तिला शिकवलंय, सरळ कदी आणि उलटा कदी. जाताना तो बावटा मीच तिच्या बॅगेत घातला. हे मिश्राजींच्या मागं लागले, मी गप ऱ्हायले."

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा मॅच संपली होती. मुली मैदानावर कडं करून उभ्या होत्या, फोटो निघत होते. टपरीपाशी बावट्याखाली एका स्टुलावर मनीषा डोक्याला मफलर बांधून बसली होती, फोन कानाला. काकांनी मांडी घातली होती.

"तू तितं चा देतेस, पण तुला म्हाईत हाय का, ते मैदान मिळालं कसं?" ते विचारत होते. "नाय? मग ऐक. पयल्या बाया दुदाच्या कारखान्यातल्या..."

टीव्हीवर जराशा उशिराने मनीषाने मान तिरकी केली आणि ऐकत बसली.